न झाडलेली बंदूक

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांतील रानाकडच्या गावांत परवान्याची बंदूक कोणाच्या घरी आहे, हे लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु ती शेवटची केव्हा वाजली असे विचारले, तर घरधन्यास आठवून सांगावे लागते. पुष्कळदा उत्तर मिळते ते असे, की घेतली त्या वर्षी एकदा पाहण्यासाठी बार काढला होता, त्यानंतर नाही. पुढे काही वर्षांनी ती बंदूक दुसऱ्या गावच्या मनुष्याकडे जाते, आणि तेथेही तिचे तसेच होते. तिचे धनी बदलतात, लाकडाचा रंग उडतो. परंतु तिने काढलेले बार मोजू गेल्यास हाताची बोटे पुरून उरतात.

कोणी नांगर विकत घेतला व दहा वर्षे तो गोठ्यात टेकून ठेवला, तर शेजारी त्यास हसतील. कोणी बैलजोडी घेऊन तिच्या मानेवर जू ठेवलेच नाही, तर घरचीच माणसे त्यास वेडा म्हणतील. परंतु बंदूक घेऊन ती न झाडणाऱ्यास कोणी हसत नाही. उलट त्याचा मान वाढतो. असे का व्हावे? आणि ज्या वस्तूसाठी मनुष्याने धानाचे पैसे खर्च केले, कचेरीत खेटे घातले, पोलिसांची चौकशी सोसली, ती वस्तू न वापरताच तो विकून का टाकतो? हा प्रश्न केवळ देवघेवीचा नाही. मनुष्य भयातून सुटण्यासाठी काय विकत घेतो, आणि जे विकत घेतो त्याने तो खरोखर सुटतो काय, असा हा प्रश्न आहे; म्हणून आम्ही तो आज वाचकांपुढे मांडीत आहो.

आपल्याकडे बहुधा दोन जातींच्या बंदुका आढळतात. एक भरमार, म्हणजे ठासणीची. हिच्या तोंडातून दारू घालावयाची, तीवर बोळा ठासावयाचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी टोपी चढवावयाची. दुसरी बारा बोअरची, जिच्यात तयार काडतूस बसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याने ह्या दोहोंस इतर हत्यारांहून थोडी सौम्य वागणूक दिली आहे. गुळगुळीत नळीची, २० इंचांहून आखूड नसलेली बंदूक आत्मरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी कोणी मागितली, व त्याविरुद्ध काही सबळ कारण नसले, तर अधिकाऱ्याने परवाना द्यावा, असा त्या कायद्याचा रोख आहे. म्हणून आपल्याकडचा शेतकरी बंदूक मागतो ती बहुधा पिकाच्या नावाने मागतो.

पिकाचे निमित्त खोटे नाही, हे आम्ही प्रथमच सांगून ठेवतो. वैनगंगेच्या दोन्ही अंगांस, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, आरमोरी, चामोर्शी ह्या भागांत, धान निसवू लागला म्हणजे रानडुकरांचे कळप रात्री बांध्यांत उतरतात. ती खातात थोडे आणि तुडवितात फार. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत चिखलास मिळते. रोही व चितळ ह्यांचाही उपद्रव असतो. शेतकरी मचाणावर बसून जागल करितो, डबे वाजवितो, शेकोटी पेटवितो, जुन्या लुगड्यांचे कुंपण बांधितो. असा मनुष्य थंडीने कुडकुडत, "आपल्यापाशी एक बंदूक असती तर!" असे म्हणाला, तर त्यास दोष देणाऱ्याने आधी एक रात्र त्याच्या मचाणावर काढावी.

मग बंदूक आल्यावर ती का वाजत नाही? पहिले कारण कायद्याचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस आळा घातला, व १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ बंदच केली. बंदुकीचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, जनावर मारण्याचा नव्हे. ही साधी गोष्ट कित्येकांस पैसे मोजल्यानंतर उमगते. रानडुकराने उभे पीक नासले तरी त्यास मारण्यास अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. असा हुकूम कधी मिळतच नाही असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात ५३ रानडुकरे मारली गेली व आणखी ५० मारण्यास मंजुरी देण्यात आली, असे तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी २०१६ च्या जून महिन्यात, त्या कृत्याचा निषेध करिताना, सांगितले होते. परंतु अर्ज व चौकशी ह्यांस वेळ लागतो, आणि डुक्कर तर आज रात्रीच येते.

दुसरे कारण खुद्द बंदुकीचे आहे. भरमार आधीच भरून ठेवली तर पावसाळी हवेत दारू ओल धरते. शिवाय भरलेली भरमार रिकामी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे ती झाडणे हाच असल्यामुळे, घरात पोराबाळांमध्ये जिवंत बार पडून राहतो. न भरता ठेवली तर काळोखात दारू, बोळा, छर्रे व टोपी बसवीपर्यंत कळप पलीकडच्या बांधीत पोहोचतो. एक बार काढला की नळीत काजळी बसते; ती हवेतील ओल ओढून घेते, आणि नळी लौकर धुऊन, पुसून, तेल दिले नाही तर गंज चढतो. बारा बोअरच्या बंदुकीचे काम ह्याहून सोपे; परंतु काडतुसांस पैसे पडतात, व ती किती घ्यावी ह्याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते.

तिसरे कारण कचेरीचे. निवडणूक जाहीर झाली की बंदूक ठाण्यात नेऊन जमा करावी, असा हुकूम पुष्कळ धन्यांस येतो. परवान्याचे नूतनीकरण पूर्वी तीन वर्षांनी होत असे. २०१९ च्या दुरुस्तीपासून ते पाच वर्षांनी होते, पण होते हे खरे. बरे, लग्नाच्या वरातीत आनंदाने बार काढावा, तर त्याच दुरुस्तीने अशा बाराने इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या आहेत. सारांश, शेतात झाडावी तर वनखात्याचे भय, मांडवात झाडावी तर पोलिसांचे भय, आणि न झाडता ठेवावी तर गंजाचे भय.

इतके सांगितल्यावर काही वाचक म्हणतील की, प्रश्न सुटला. आम्हांस तसे वाटत नाही. ही कारणे बंदूक का वाजत नाही हे सांगतात. ती का घेतली हे सांगत नाहीत. ह्यांपैकी बहुतेक गोष्टी घेण्यापूर्वीच कळण्याजोग्या होत्या. शेजाऱ्याची बंदूक दहा वर्षे पेटीत पडून राहिली हे डोळ्यांनी पाहूनही मनुष्य तीच बंदूक त्याच्यापासून विकत घेतो. तेव्हा त्याने पैसे मोजले ते बारासाठी मोजलेच नव्हते, असे मानणे भाग आहे. त्याने दुसरेच काही विकत घेतले. ते काय?

आमच्या मते त्याने दोन वस्तू घेतल्या: एक मान, व दुसरी धीर.

मानाची गोष्ट जुनी आहे. १८७८ साली इंग्रज सरकारने हत्यारांचा कायदा केला, आणि हिंदी मनुष्यास परवान्याखेरीज बंदूक बाळगण्याची मनाई झाली. युरोपियनांस मात्र नियमांनी सूट होती. त्या दिवसापासून बंदूक ही सरकारच्या विश्वासाची खूण झाली. ज्याच्या ओसरीवर ती टांगलेली, तो सरकारदरबारी ओळखीचा मनुष्य, असे गावाने समजावे व त्यानेही समजावे. पुढे इंग्रज गेले, १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला, तरी ती समजूत गेली नाही. आजही खंडेनवमीस कित्येक घरांतील बंदूक वर्षातून एकदा बाहेर निघते, तीस फूल व कुंकू वाहतात, आणि ती पुन्हा आत जाते. जी वस्तू पूजेपुरती बाहेर निघते ती हत्यार म्हणून नव्हे, तर प्रतिष्ठा म्हणून ठेविलेली आहे हे उघड आहे. मानासाठी ठेविलेली वस्तू वाजण्याची गरजच नसते. ती आहे एवढे लोकांस कळले म्हणजे तिचे काम झाले.

परंतु मानाचा एक स्वभाव आहे. तो नव्याचा असतो. बंदूक आली त्या वर्षी दहा माणसे पाहावयास येतात. पाचव्या वर्षी कोणी तिचे नावही काढीत नाही. मान कमी होतो आणि नूतनीकरणाचा खेटा तेवढाच राहतो. मग घरधन्यास ती जड वाटू लागते, व एक दिवस तो म्हणतो, "गिऱ्हाईक मिळाले तर देऊन टाकू."

धीराची गोष्ट ह्याहून नाजूक आहे, आणि येथे आम्ही वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी विनंती करितो. आपल्या भागात भय खरे आहे. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले, पुढे अंधारीचे अभयारण्य त्यास जोडले जाऊन व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ राखले गेले, वाढले, आणि रानाच्या सीमेबाहेर शेतांत व नाल्यांत वावरू लागले. ज्या गावच्या वाटेवर सकाळी पावलांचे ठसे दिसतात, तेथील बापास रात्री झोप लागत नाही. तो बंदूक घेतो, पेटीत ठेवितो, आणि त्या रात्री त्यास झोप लागते. ही झोप त्याने विकत घेतली. तिची किंमत लहान आहे असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु आता वाघ माणसास गाठतो कोठे, हे पाहू या. घरात शिरून तो क्वचितच गाठतो. चैत्राच्या पहाटे मोहफुले वेचावयास गेलेली बाई खाली वाकलेली असते, तेथे गाठतो. तेंदूपत्ता तोडताना, सरपण आणताना, गुरे राखताना गाठतो. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावल्या. अशा वेळी गावातील परवान्याच्या बंदुका कोठे असतात? त्या पुरुषांच्या नावावर, पुरुषांच्या घरांत, कुलपाच्या आड असतात. बंदूक पेटीत, आणि बाई रानात! ज्या घरधन्याने आपल्या कुटुंबाच्या रक्षणासाठी म्हणून बंदूक घेतली, त्याच्या कुटुंबातील सर्वांत धोक्याच्या जागी जाणाऱ्या माणसास त्या बंदुकीचा काडीचाही उपयोग नसतो. जीव वाचविण्यासाठी चांगल्या हेतूने जनावर मारणे हा गुन्हा नाही, असे १९७२ चा कायदाच म्हणतो. तेव्हा अडचण कायद्याची नव्हे, जागेची आहे. बंदुकीने धन्याचे भय शांत केले, पण धोका होता तेथेच राहिला. इतकेच नव्हे, भय शांत झाल्यामुळे धोक्याकडे त्याचे दुर्लक्ष झाले. पूर्वी तो बायकोसोबत रानाच्या काठापर्यंत जात असे. आता घरी बंदूक आहे म्हणून तो निश्चिंत निजतो. भय आणि धोका ह्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि एकीवरचे औषध दुसरीस लागू पडतेच असे नाही, हे ह्या उदाहरणाने स्पष्ट दिसते.

येथे कोणी विचारी मनुष्य आम्हांस अडवील, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे योग्य आहे. तो म्हणेल, "वापरली नाही म्हणून वस्तू व्यर्थ ठरते काय? दवाखान्यात सर्पदंशावरची लस ठेवितात. ती वर्षभर लागली नाही तर आपण आनंद मानतो. विहिरीच्या काठी दोर ठेवितात. कोणी बुडाले नाही म्हणून तो दोर फेकून देत नाहीत. बंदूकही तशीच. ती वाजली नाही हेच तिचे यश."

हे म्हणणे वजनदार आहे, परंतु त्यात दोन उणिवा आहेत. लस देणारा वैद्य शिकलेला असतो, व दोर टाकणाऱ्यास दोर टाकण्याची सवय असते. ज्या हाताने दहा वर्षांत एकदा बार काढला, तो हात काळोखात, घाबरलेल्या स्थितीत, नेम धरील कसा? २०१६ च्या शस्त्र नियमांनी नव्या परवान्यासाठी शिक्षण घेतल्याचा दाखला मागितला आहे तो ह्याच कारणाने. पण एकदा शिकलेले न गिरविल्यास विसरते, हे आपल्या शाळांतील प्रत्येक मास्तरास ठाऊक आहे. दुसरी उणीव अशी की, लस कपाटात राहून कोणास चावत नाही. बंदूक मात्र पेटीत राहूनही घातक असते. दारूच्या नशेतील भाऊ, वाटणीच्या भांडणात तापलेला पुतण्या, परीक्षेत नापास झालेला पोर, कर्जाने खचलेला बाप, ह्यांच्या एका वाईट घटकेत ती पेटी उघडली, तर घडलेले पुन्हा मागे घेता येत नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. जगात सैन्याबाहेरच्या सामान्य लोकांपाशी किती बंदुका आहेत ह्याचा एक अभ्यासपूर्ण अंदाज २०१७ सालापुरता झाला आहे. तो आकडा सुमारे ८५ कोटी ७० लक्ष निघाला, आणि सर्व देशांच्या सैन्यांपाशी मिळून सुमारे १३ कोटी ३० लक्ष. ह्यांत अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा; तेथे माणसांहून बंदुका अधिक आहेत. तेथील पुष्कळ लोकही आपल्यासारखेच म्हणतात की, आम्ही ती परक्या चोरापासून रक्षणासाठी ठेविली आहे. परंतु २०२१ साली त्या देशात बंदुकीने ४८,८३० माणसे मेली, त्यांपैकी २६,३२८ माणसांनी स्वतःचाच जीव घेतला होता. म्हणजे अर्ध्याहून अधिक वेळा बंदुकीचे तोंड चोराकडे नव्हे, तर घरच्याच माणसाकडे वळले. बाहेरच्या शत्रूसाठी घेतलेले हत्यार आतल्या दुःखाच्या हाती लागले. आपल्या गावांत बंदुका थोड्या आहेत ही मोठी कृपा आहे. ती आपण तुच्छ मानू नये.

तथापि न झाडलेल्या बंदुकीची एक चांगली बाजूही आहे, व ती न सांगणे अन्याय होईल. बंदुकीस नंबर असतो, परवान्यास नाव असते, काडतुसास हिशेब असतो. बार वाजला की दोन कोसांवर ऐकू जातो. म्हणून बंदूकवाला मनुष्य घोड्यावर बोट ठेविताना विचार करितो: समोर डुक्कर आहे की शेजारी? सकाळी मला कोण काय विचारील? मी काय उत्तर देईन? ह्या जाबदारीच्या जाणिवेमुळे कित्येक बंदुका मुक्या राहिल्या, आणि कित्येक जीव वाचले. आलेला कळप पाहूनही ज्याने बंदूक खाली ठेविली त्यास भित्रा म्हणणारे लोक असतात. आम्ही त्यास भित्रा म्हणणार नाही. ज्यास उत्तर द्यावे लागणार आहे हे आठवते, तो मनुष्य आपल्या हाताचा धनी आहे.

ह्याच्या उलट विजेच्या तारेची गोष्ट पाहा. आपल्या जिल्ह्यांत काही लोक रात्री चोरून खांबावरची वीज शेताच्या कुंपणात सोडितात. तार आवाज करीत नाही. तिला नंबर नाही, परवाना नाही, नाव नाही. डुक्कर आले काय, वाघ आला काय, की पहाटे पाणी पाहावयास निघालेला सख्खा शेजारी आला काय, ती विचारीत नाही. तिने वाघ मेले आहेत, आणि माणसेही मेली आहेत; कधी तर ती लावणाराच तीत सापडला आहे. ज्या मनुष्याने जाब द्यावा लागेल म्हणून बंदूक झाडली नाही, तोच जाब द्यावा लागणार नाही अशा समजुतीने तार सोडितो, तेव्हा त्याच्या संयमाची परीक्षा होते. त्याची बंदूक कायद्याच्या भयाने मुकी होती की शेजाऱ्याच्या जिवाच्या काळजीने, हे त्या तारेवरून कळते. हत्यार खाली ठेवणे पुरेसे नाही. ते आपण कोणासाठी खाली ठेविले हेही मनुष्याने स्वतःस विचारले पाहिजे.

आता विक्रीविषयी. बंदूक वांग्याच्या पाटीसारखी कोणासही विकता येत नाही. घेणाऱ्यापाशी परवाना पाहिजे. आणि एका मनुष्याने दुसऱ्यास विकण्यापूर्वी आपला विचार व घेणाऱ्याचे नाव-गाव जिल्हाधिकाऱ्यास किंवा जवळच्या ठाण्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबले पाहिजे. पुष्कळ विक्र्या घरधनी वारल्यावर होतात. मुलगा नागपुरास नोकरीवर, परवाना बापाच्या नावाचा. वारसाने आपल्या नावाचा परवाना घ्यावा, नाहीतर बंदूक जमा करावी किंवा विकावी. गिऱ्हाइके थोडी, म्हणून किंमतही थोडी. तेव्हा विकणारा काय करितो? तो बंदुकीची स्तुती करितो. "एकदम नवी आहे, फार बार काढलेले नाहीत," असे तो सांगतो, आणि हे खरेच असते.

परंतु ह्या खऱ्यात एक अर्धे खोटे लपलेले आहे. "फार बार काढलेले नाहीत" ह्याचा अर्थ घेणारा असा समजतो की, वस्तू चांगली राहिली. त्याचा दुसरा अर्थ असा की, वस्तू उपयोगी पडली नाही. हा दुसरा अर्थ विकणाऱ्यास पुरता ठाऊक असतो, आणि तोच तो गिळून टाकितो. म्हातारा बैल विकताना त्याचे दात लपविणाऱ्यास आपण लबाड म्हणतो. मग ज्या वस्तूने आपल्या घरातील भय घालविले नाही ती दुसऱ्यास भयावरचे औषध म्हणून विकणाऱ्यास काय म्हणावे? कायदा त्यास ४५ दिवस थांबावयास सांगतो. त्या दिवसांत एखादी संध्याकाळ त्याने घेणाऱ्याजवळ बसून सरळ सांगावे: "बाबा, हिने माझ्याकडे एक डुक्कर मारले नाही. निवडणुकीत ठाण्यात ठेवावी लागली. पोरे लहान होती तेव्हा किल्ली कोठे लपवावी ह्याची चिंता मला वाघाच्या चिंतेहून अधिक होती. एवढे ऐकूनही घेणार असशील तर घे." असे बोलल्याने कदाचित गिऱ्हाईक जाईल, पण मोडलेल्या सौद्याहून लपविलेली गोष्ट अधिक महाग पडते.

ह्याशिवाय आणखी एक वाट आहे. गडचिरोली जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत अनेक गावकऱ्यांनी आपल्या जुन्या भरमार बंदुका आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन केल्या. त्यांपैकी कित्येक बंदुका वाडवडिलांच्या वेळच्या होत्या. त्या देण्यात कोणास नफा झाला नसेल; परंतु एक गोष्ट खचित झाली. एका घराचे ओझे दुसऱ्या घरी गेले नाही. साखळी तेथेच तुटली. प्रत्येकाने असेच केले पाहिजे असा आमचा हट्ट नाही. रानाच्या काठी एकट्या वस्तीत राहणारा, नीट शिकलेला, परवाना व कुलूप दोन्ही सांभाळणारा मनुष्य बंदूक ठेवू इच्छीत असेल, तर तो त्याचा विचार आहे. आमचे म्हणणे एवढेच की, मनुष्याने काय घेतो हे ओळखून घ्यावे.

म्हणून बंदुकीचा अर्ज लिहून द्या असे म्हणत कोणी आपल्या मास्तराकडे किंवा उपदेशकाकडे आला, तर त्यांनी त्यास एकदम हो किंवा नाही म्हणू नये. आधी तीन गोष्टी विचाराव्या. पहिली: भय नक्की कशाचे, डुकराचे, वाघाचे, की भाऊबंदाचे? भाऊबंदाचे असेल, तर बंदूक आणण्यापूर्वी पंच बसवावे. कारण त्या भयावर बंदूक म्हणजे आगीवर रॉकेल. दुसरी: ते भय जेथे गाठते तेथे बंदूक असेल काय, आणि कोणाच्या हातात? तिसरी: घरात दारू, लहान मुले, किंवा मनाने खचलेले कोणी आहे काय? ह्या तिन्ही गोष्टींची उत्तरे मिळाली म्हणजे अर्ज लिहावा की नाही हे येणाऱ्यासच कळेल.

आणि पैसे वाचले तर त्यांचे काय करावे, हेही सांगता येईल. मोहाच्या हंगामात बायकांनी एकेकटे न जाता टोळीने व उजाडल्यावर जावे, आणि दोन पुरुषांनी काठ्या व डबे घेऊन त्यांच्या सोबत उभे राहावे; ह्यास परवाना लागत नाही. चार शेतकऱ्यांनी मिळून पाळीने जागल केली, तर प्रत्येकास चार रात्रींतून तीन रात्री झोप मिळते. ताडोबाच्या परिसरातील गावांत तरुणांची बचाव दले उभी आहेत. त्यांत आपल्या मुलांनी नाव द्यावे. पीक नासले तर पंचनामा करून घेण्यास अर्ज वेळेवर द्यावा, व ज्यास लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहिता येणाऱ्याने लिहावा. ह्या गोष्टींनी कोणाचा मान वाढत नाही, आणि खंडेनवमीस ह्यांना कोणी फूल वाहत नाही. परंतु ह्या रोज वापरात येतात, व वापरल्याने झिजत नाहीत.

पेटीतली बंदूक मनुष्यास सांगते की, तू एकटा पुरेसा आहेस. रान त्यास दर हंगामात सांगते की, तू एकटा पुरेसा नाहीस. ह्या दोहोंत रान खरे बोलते, असे आमचे मत आहे. आणि एकदाही न झाडता बंदूक विकणाऱ्या कित्येक धन्यांसही मनातून हेच कळून चुकलेले असते. ते त्यांनी पुढच्या घेणाऱ्यास सांगावे, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.